चंद्रपूरच्या पट्ट्यात स्वतंत्र घर घेताना रजिस्ट्री होऊनही पैसे कसे बुडतात

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, भद्रावती या कोळशाच्या पट्ट्यात स्वतंत्र घर घेणारा माणूस बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर बाजारात उतरतो. वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोल इंडियाची सरकारी कोळसा कंपनी) किंवा महाऔष्णिक वीज केंद्रातून निवृत्ती होते, पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकदम हातात येते आणि क्वार्टर मुदतीत खाली करायचं असतं. पैसा आहे, पण वेळ नाही. दलालाला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच तो जे घर दाखवतो त्याचा मालकही घाईतच असतो: "साहेबांची बदली झाली, पंधरा दिवसांत सामान हलवायचंय."

फसणारे लोक निष्काळजी असतात, हा गैरसमज आहे. ते सातबारा बघतात, घरपट्टीची पावती आणि वीज बिल बघतात, रजिस्ट्रीही करतात. हे सगळे कागद खरे असतात. पण घरपट्टी भरली म्हणून मालकी सिद्ध होत नाही, मीटर तिथे राहणाऱ्याच्या नावावर मिळतं, आणि दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही.

सर्वांत जास्त फसवणूक बिगर-मंजूर लेआउटमधल्या घरांत होते. शेतकरी किंवा त्याचा आममुखत्यार (त्याच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार मिळालेला माणूस) एकरभर शेत चुना टाकून प्लॉटमध्ये पाडतो, नकाशा छापून घेतो आणि एका प्लॉटवर घर बांधून विकतो. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रस्तावित' लिहिलेलं असतं, ते वाचा. नगररचना विभागाचा मंजुरी क्रमांक, तारीख आणि शिक्का नसेल तर तो नकाशा म्हणजे नुसतं चित्र आहे. सोबत अकृषक (एनए, म्हणजे बिगरशेती वापराचा) आदेश किंवा सनद लागते. "एनए होऊन जाईल" या वाक्याची किंमत शून्य धरा.

अशा घराच्या विक्रीपत्रात काय लिहितात ते नीट बघण्यासारखं आहे. 'मौजा अमुक, सर्व्हे नंबर तमुक पैकी, आराजी १५०० चौरस फूट.' सगळी गोम त्या 'पैकी' शब्दात आहे. १५०० चौरस फूट म्हणजे १३९.३५ चौरस मीटर, सुमारे १.४ आर. सातबारावर ०.४० हेक्टर आणि चार भोगवटादार (नोंदलेले जमीनधारक) असतील, तर तुम्ही सामाईक जमिनीतला १.४ आरचा अविभक्त हिस्सा घेतलेला असतो. तो नेमका कोणत्या कोपऱ्यात आहे हे कुठल्याही सरकारी नकाशावर दिसत नाही. उद्या एका हिस्सेदाराने वाटणीचा दावा लावला तर तुमच्या भिंती दाव्यात सापडतात.

इथे एक बेरीज जरूर करा, ती फार थोडे लोक करतात. त्याच सर्व्हे नंबरचे नोंदलेले सगळे दस्त नोंदणी विभागाच्या ई-सर्चमधून काढा आणि सूची क्रमांक दोनवर (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा गोषवारा) दिसणारं विकलेलं क्षेत्र एका कागदावर मांडत जा. ०.४० हेक्टर म्हणजे जेमतेम ४३ हजार चौरस फूट. त्यात रस्ते सोडायचे आहेत. दस्तांची बेरीज ४२ हजारांवर गेली असेल तर रस्ताच कुणाला तरी विकलेला आहे, किंवा एक प्लॉट दोघांना. एवढी बेरीज एका दुपारी होते आणि तिला वकिलाची फी लागत नाही.

सातबारासोबत फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) मागा आणि मागे, निदान तीस वर्षं, वाचत जा. वडील वारल्यावर वारस नोंद झाली तेव्हा बहिणींची नावं आली होती का? आली असतील तर ती कशाने कमी झाली? नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तर ठीक, नुसत्या संमतीच्या कागदावर विसंबू नका. या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट जिव्हाळ्याची आहे: मूळ खातेदार गोंड किंवा अन्य अनुसूचित जमातीचा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे बिगर-आदिवासीला विक्रीसाठी परवानगी लागते. ती नसेल तर जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते आणि ते योग्यच आहे. घेणाऱ्याने स्वतःच्याच हितासाठी अशा घराच्या वाटेला जाऊ नये. भोगवटादार वर्ग-२ (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन) लिहिलेलं असेल तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे सरकू नका.

आममुखत्यारपत्रावर विक्री होत असेल तर ज्याने ते दिलं तो हयात आहे का, हे स्वतः भेटून बघा. माणूस गेला की सर्वसाधारण मुखत्यारपत्रही संपतं. मुखत्यारपत्र हे मालकी देणारं कागदपत्र नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केलं आहे.

प्लॉटची अदलाबदल हा वेगळा प्रकार. दाखवतात रस्त्याकडेचं घर, दस्तात नंबर पडतो मागच्या पडीक प्लॉटचा. विक्रीपत्रातली चतुःसीमा हातात घेऊन जागेवर उभे राहा. पूर्वेस ९ मीटर रस्ता लिहिलाय आणि पूर्वेस तुम्हाला कुणाची तरी भिंत दिसतेय, तर तिथेच थांबा. रजिस्ट्रीच्या आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या. मालक मोजणीला नकार देत असेल तर व्यवहार संपला असं समजा.

इसाराबद्दल थोडक्यात. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं इसारपत्र तीन वेगवेगळ्या लोकांना देता येतं आणि दिलं जातं, कारण त्याची नोंद कुठेच होत नाही. साठेखत नोंदणीकृत करा. इसार बँकेतूनच द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, हे विकणाऱ्याला तोंडावर सांगा. 'मूळ कागद हरवले' असं कळलं तर ते एखाद्या बँकेच्या तिजोरीत असण्याची शक्यता आधी तपासा. सरसाईच्या (बँकांकडे गहाण असलेल्या मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंदणीत शोध घेता येतो.

आता जमिनीखालचं. हे या गावांचं खास दुखणं आहे आणि वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये (मालकीच्या कागदांच्या तपासणीत) ते कधीच येत नाही.

लालपेठ, महाकाली कॉलरी, रय्यतवारी, बल्लारपूर, घुग्घुस इथे पिढ्यान्‌पिढ्या भूमिगत खाणी चालल्या. पद्धत अशी की कोळशात बोगदे खोदायचे आणि छत तोलायला मधे कोळशाचेच खांब सोडायचे. पुढे काही ठिकाणी ते खांबही काढले जातात. पोकळी वाळूने नीट भरली नसेल आणि खाण उथळ असेल, तर वरची जमीन वर्षानुवर्षं तग धरते आणि एखाद्या पावसाळ्यात पाणी मुरून बसते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर असंच जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. आसपासच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली.

अशा पट्ट्यातलं घर विकणारा भेगा आधी बुजवतो. एकाच खोलीला ताजी पुट्टी आणि रंग, बाकीचं घर जुनं, असं दिसलं की त्या खोलीत जास्त वेळ घालवा. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी, विटांच्या थरांप्रमाणे पायऱ्यांसारखी चढणारी भेग पाया हलल्याची असते. दाराची चौकट खाली रुंद आणि वर अरुंद झालीय का ते टेपने मोजा. फरशीवर नाणं आपटत चाला, पोकळ आवाज येणाऱ्या फरश्या खडूने खुणा करा. त्या एका ओळीत येत असतील तर खालची माती सरकलेली असू शकते. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून जोत्याचे चारही कोपरे तपासा. इंचाच्या वर फरक निघाला तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

"काळी माती आहे, भेगा पडणारच," हे ठरलेलं उत्तर. ते कधीकधी खरंही असतं. काळ्या मातीवरची भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसात बऱ्यापैकी मिटते. जमीन खचल्याची भेग मिटत नाही, वाढत जाते. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं एपॉक्सीने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय. मालक हे करू देत नसेल तर कारण उघड आहे. खुल्या खाणीजवळ ब्लास्टिंगच्या वेळी, शेजाऱ्यांना विचारून, घरात बसून बघा. भांडी वाजतात की नाही हे तिथेच कळतं.

खात्रीचं उत्तर माहिती अधिकारातून मिळतं. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्ज वेकोलिच्या त्या क्षेत्राच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. मौजा, सर्व्हे नंबर, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश द्या आणि नेमकं विचारा: या जागेखाली भूमिगत खाणकाम झालं आहे का, किती खोलीवर, खांब काढले का, वाळू भरली का, खाण कधी बंद झाली, आणि ही जमीन कोळसाधारक क्षेत्र अधिनियम १९५७ च्या कोणत्या अधिसूचनेत आहे का. पंधरा दिवसांत घर खाली करणाऱ्या साहेबांना हे तीस दिवसच नको असतात.

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. त्या अधिनियमाच्या कलम ७ ची अधिसूचना म्हणजे संपादनाचा इरादा, तिच्यावर तीस दिवसांत हरकत घेता येते. कलम ९ ची घोषणा निघाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते. त्यानंतर जुना मालक तुम्हाला काहीच विकू शकत नाही, सातबारावर अजून त्याचं नाव दिसत असलं तरी. काही जण उलट अधिसूचनेचंच आमिष दाखवतात: "मोबदला मिळेल, पोराला वेकोलित नोकरी लागेल." कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात नोकरीचं प्रमाण दोन एकरांमागे एक आहे. दोन एकर म्हणजे ८७,१२० चौरस फूट. १५०० चौरस फुटांच्या घरावर नोकरी कशी लागेल, याचं उत्तर दलालाकडून लेखी मागा.

इरई आणि झरपटच्या काठचं घर उन्हाळ्यात बघू नका. रहमतनगरसारख्या वस्त्यांत पूर घुसतो हे शहराला माहीत आहे, बाहेरून आलेल्याला नाही. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. जलसंपदा विभागाच्या नकाशावर सर्व्हे नंबर शोधा. घरातही खुणा असतात: छातीएवढ्या उंचीवर सरकवलेले स्विचबोर्ड, तीन-चार फुटांपर्यंतच लावलेल्या नव्या टाइल्स, मीटरच्या पेटीत तळाशी सुकलेला गाळ.

पैसे अडकलेच असतील तर हालचाल पहिल्या आठवड्यात करा. इसारपत्र, बँक व्यवहार, दलालाचे मेसेज यांचे छापील संच करा आणि आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासूनच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लागतं, त्याआधीच्या व्यवहाराला भादंविचं ४२०. "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून परत पाठवलं तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने तीच तक्रार पाठवा. सोबतच दिवाणी दावा लावा: करार पूर्ण करून घेण्यासाठी ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं असतात, आणि पोलीस तपासाची वाट बघत ती निघून जातात. विकणारा बाकीची मालमत्ता विकत सुटला असेल तर निकालापूर्वी जप्तीचा अर्ज त्याच दाव्यात द्या. तेच घर दुसऱ्याला विकलं गेल्याचं कळलं तर त्याच्या फेरफारावर तलाठ्याकडे पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.