ट्रान्झिशन क्लिनिक : पाचपैकी साडेतीन तारे

मला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे अगदी लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नाही. घरात वॉकर, लांब जायचं तर व्हीलचेअर, आणि माझं बोलणं नवख्या माणसाला पहिल्या फटक्यात कळत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर बालविभाग सुटतो आणि आपण मोठ्यांच्या ओपीडीत जाऊन पडतो. या मधल्या टप्प्यासाठी आमच्या रुग्णालयात वेगळं क्लिनिक आहे, त्याबद्दल लिहितेय.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डॉक्टरांनी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. (आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.) तोवर ‘हिला कुठे दुखतं?’ हा प्रश्न कायम माझ्या डोक्यावरून तिच्याकडे जायचा. ती बाहेर गेल्यावर पाळी, झोप, मन उदास राहतं का, कुणी आवडतं का, गर्भनिरोधनाची माहिती आहे का, सगळं नीट विचारलं. अपंग मुलीला हे कोण विचारतं? आमचं शरीर म्हणजे फक्त फिजिओथेरपीचा विषय! मी अडखळत होते, पण त्यांनी माझी वाक्यं पुरी करायची घाई केली नाही. कळलं नाही तर सरळ ‘परत सांग’ म्हणाले.

मग मोठ्यांच्या विभागात जायची तयारी किती झालीय ते बघणारी प्रश्नावली. ‘गॉट ट्रान्झिशन’ या अमेरिकी उपक्रमाच्या नमुन्यावर ती बेतलेली आहे. मूळ नमुना नेटवर फुकट मिळतो. स्वतःच्या औषधांची नावं येतात का, अपॉइंटमेंट स्वतः घेता येते का, अचानक त्रास झाला तर काय करायचं, असले प्रश्न. पालकांचा फॉर्म वेगळा. औषधं स्वतः घेते का, यावर मी ‘हो’ लिहिलं, आईने ‘नाही’. घरी चांगलीच जुंपली, पण औषधांचा डबा त्यानंतर माझ्या खोलीत आला.

फॉर्म मात्र फार उशिरा दिला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या 2011 च्या अहवालात बाराव्या वर्षी या बदलाची कल्पना द्या आणि चौदाव्या वर्षापासून आखणी करा असं आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची 2016 ची मार्गदर्शक सूचनाही तेरा-चौदाव्या वर्षीच आखणी सुरू करा म्हणते. माझ्या हातात कागद पडला तेव्हा सतरावं सरत आलं होतं. अर्धा तारा तिथे कापला.

उरलेला एक तारा मोठ्यांच्या विभागाचा. तिथले डॉक्टर म्हणाले, हा तर लहान मुलांचा आजार. अहो, ती मुलं मोठी होतात! मेंदूला झालेली इजा वाढत नाही हे खरं, पण अंगदुखी, थकवा, चालणं कमी होत जाणं हे तरुणपणीच सुरू होऊ शकतं. मला नेमकं तेच विचारायचं होतं. त्यात तपासणीचं टेबल खाली येत नाही आणि व्हीलचेअरसकट वजन घेणारा काटा नाही. वजनाच्या रकान्यात चक्क अंदाजे आकडा टाकला, आणि औषधाचे डोस ठरवायला तोच.

तिथे निभावलं ते क्लिनिकने करून दिलेल्या एका पानाच्या सारांशामुळे. खुब्याची शस्त्रक्रिया, ताठर स्नायू सैल करायची बोटॉक्सची इंजेक्शनं, औषधं नि डोस, आणि सगळ्यात वर मी सांगितलेली ओळ : ‘प्रश्न मलाच विचारा, उत्तराला वेळ लागेल.’ डॉक्टरांनी ती वाचली आणि खुर्ची आईसमोरून माझ्यासमोर वळवली.

माझ्या मित्राला डाऊन सिंड्रोम आहे. त्यालाही हाच किचकट फॉर्म दिला. त्याला सोपी वाक्यं आणि चित्रं हवी होती. त्याची थायरॉइड दरवर्षी तपासावी लागते. बालविभागातून आठवणीचा फोन यायचा, आता तो कुणी करायचा हेच ठरलेलं नाही. मुलगा बोलत नसेल किंवा बौद्धिक अपंगत्व असेल, तर पहिल्याच भेटीत विचारा की पुढे फोन करायला ठरलेला एक माणूस कोण. नाव आणि नंबर लेखी घ्या.

आणि जमलं तर मोठ्यांच्या विभागातली पहिली भेट जुन्या डॉक्टरांसोबतच मागून घ्या. आमच्याकडे ती सोय आहे, पण आपणहून कुणी सांगत नाही. वजनकाट्याचा अर्ज मी दिलाय, पोचही घेतलीय.