अपिलासाठी वेगळा वकील नेमल्यानंतरचा काही महिन्यांचा अनुभव

दिवाणी दाव्याचा निकाल विरोधात गेल्यावर दावा चालवलेल्या वकिलांकडेच अपील द्यावे, की प्रामुख्याने अपिलांचीच कामे करणारा दुसरा वकील शोधावा, यावर घरात एकमत नव्हते. शेवटी दुसरा वकील नेमला. अपील अजून प्रलंबित आहे, त्यामुळे पुढील मत निकालावरून नव्हे, तर आजवर झालेल्या कामावरून दिले आहे.

शोध घेताना भेटलेल्या वकिलांपैकी बहुतेकांनी निकालपत्र न वाचताच केस भक्कम असल्याचे सांगितले. ज्यांना आम्ही वकीलपत्र दिले, त्यांनी मात्र निकालपत्र, कैफियत (दाव्याला प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर) आणि साक्षीपुराव्याच्या नकला ठेवून घेतल्या, वाचनाची स्वतंत्र फी आकारली आणि पुढच्या भेटीत आमच्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक बाजूला काढल्या. साक्षीदार खोटे बोलला, ही आमची मुख्य तक्रार होती. परंतु साक्षीदाराला समोर पाहून, ऐकून बनवलेल्या मतात वरचे न्यायालय सहसा हात घालत नाही आणि नवा पुरावाही अपवादानेच स्वीकारते, असे त्यांनी स्पष्ट केले. उलट, एका महत्त्वाच्या दस्तऐवजाबद्दल निकालपत्रात एक अक्षरही नाही, ही आम्हाला किरकोळ वाटलेली बाब त्यांनी अपिलाच्या कारणांत पहिल्या क्रमांकावर घेतली. ऐकताना रुचले नाही. तरी केवळ या एका बैठकीसाठीही मी त्यांची शिफारस करीन.

पहिल्याच फोनवर त्यांनी निकालाची तारीख आणि प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केल्याची तारीख विचारली होती. मुदत देशागणिक आणि न्यायालयागणिक बदलते. भारतात दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध (दाव्यातील अंतिम आदेशाविरुद्ध) उच्च न्यायालयात 90 दिवसांत, तर जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत अपील करावे लागते. इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे 21 दिवस मिळतात. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दिवाणी प्रकरणांना बहुधा 30, तर फौजदारी प्रकरणात आरोपीला 14 दिवस असतात. परगावच्या नातेवाइकाने ठामपणे सांगितलेली मुदत म्हणूनच कानाआड करावी.

अपील दाखल झाल्याने निकालाची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही, हे त्यांनी आधीच बजावले होते. स्थगितीचा अर्ज सोबतच दिला गेला आणि निकालात द्यायला सांगितलेल्या रकमेचा काही भाग न्यायालयात जमा करण्याच्या अटीवर ती मिळाली. अशी अट येईल, याची पूर्वसूचना असल्यामुळे पैशांची तजवीज करता आली.

उणिवाही आहेत. ते स्वतः क्वचितच फोनवर येतात, आणि तारखेचा निरोप कनिष्ठ वकिलांकडून अनेकदा आदल्या संध्याकाळी मिळतो. त्याहून गंभीर बाब फीची: अपील मान्य होऊनही दावा फेरसुनावणीसाठी खालच्या न्यायालयात परत गेला, तर तिथले काम ठरलेल्या फीत धरले आहे की नाही, याचा करारपत्रात उल्लेख नाही. मी लेखी विचारणा केली; उत्तर तोंडी आले, तेही 'तेव्हा पाहू' एवढेच. म्हणून पाचपैकी चार तारे.