अहोजाहो, अरेतुरे आणि सोळा भाग: कोरियन-चिनी प्रेममालिकांचा अकरा महिन्यांचा अनुभव

आधी वापरणाऱ्याची माहिती देतो, म्हणजे पुढची मतं कुठल्या चष्म्यातून आली आहेत ते कळेल. वय ४७, पुरुष, राहणार सांगली, सहकारी बँकेत नोकरी. वापराचा काळ अकरा महिने. पूर्ण पाहिलेल्या मालिका १९, त्यात बारा कोरियन आणि सात चिनी. अर्धवट सोडलेल्या चार. वेळ रात्री साडेनऊपासून ते बायको "उद्या बँक आहे ना?" म्हणेपर्यंत. नुकसान: एका इअरफोनचा डावा कान गेला आणि चाळिशीचा नंबर पाव पॉइंटने वाढला. चष्मेवाला म्हणाला वयामुळे, घरात ते कुणालाच पटलं नाही.

सुरुवात मुलीमुळे झाली. ती 'क्रॅश लँडिंग ऑन यू' बघत होती. मी मागून डोकावलो तर म्हणाली, "बाबा, तुला नाही आवडणार हे." तेवढं पुरलं.

दक्षिण कोरियातल्या एका उद्योगपतीची मुलगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियात, तिथल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या अंगावर पडते. कथा ऐकून हसू येतं. पहिले दोन भाग मीही हसतच पाहिले. पण मग ते सीमेवरचं गाव येतं. वीज कधीही जाते, बायका अंगणात एकत्र बसून किमची, म्हणजे तिथलं कोबीचं लोणचं, घालतात, एकमेकींच्या घरात काय शिजतंय यावर सगळ्यांचं लक्ष. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड घालताना जे चालतं, अगदी तेच. लेखनाच्या चमूत उत्तरेतून पळून आलेला एक माणूस होता, त्यामुळे ही माणसं नुसती टिंगल करायला ठेवलेली वाटत नाहीत. नायिका बाजारात हरवते आणि अंधारात नायक सुगंधी मेणबत्ती उंच धरून तिला शोधतो, त्या प्रसंगाला मी इअरफोन काढून उगाच पाणी प्यायला उठलो होतो. २०१९-२० च्या या मालिकेतले नायक-नायिका, ह्यून बिन आणि सन ये-जिन, यांनी मार्च २०२२ मध्ये खरंच लग्न केलं. मुलीने ही बातमी मला अशी सांगितली की जणू आपल्याच घरातलं कार्य.

आता मुद्द्याचं. मला या मालिकांचं व्यसन लागलं ते प्रेमामुळे नाही, हाका मारण्यामुळे.

कोरियन भाषेत आदराने बोलायचं क्रियापदाचं रूप वेगळं, सलगीचं वेगळं. परक्याशी, मोठ्याशी, ऑफिसातल्या माणसाशी आदराचं बोलायचं आणि बरोबरीच्या माणसाच्या नावापुढे 'शी' लावायचं. मग ओळख वाढली की कुणीतरी एक विचारतं, आता बोलणं 'खाली ठेवायचं' का? तिथला वाक्प्रचारच तसा आहे, बोलणं खाली ठेवणं. डोक्यावरचं ओझं उतरवावं तसं. इंग्रजी सबटायटलमध्ये तिथे 'शॅल वी स्पीक कॅज्युअली' असलं काहीतरी येतं आणि सगळी गंमत जाते. इंग्रजीत सगळेच 'यू'. मराठी माणसाला मात्र हे समजावून सांगावं लागत नाही. अहोजाहो संपून अरेतुरे सुरू होण्याचा क्षण आपल्याला ऐकून ओळखता येतो. माझ्याच घरात बघा. मुलगी मला 'अरे बाबा' म्हणते, बायको एकवीस वर्षं 'अहो' म्हणते आणि मी तिला 'अगं'. चार खोल्यांत तीन व्याकरणं.

तेव्हापासून मी सबटायटल वाचतो आणि कान वाक्याच्या शेपटाकडे ठेवतो. कोरियन येत नाही, पण आदराच्या वाक्याच्या शेवटी येणारा 'यो' पंधरा दिवसांत ओळखता येतो. एखाद्या भागात तो 'यो' गळला की समजायचं, आज काहीतरी झालं. हिंदी डबिंग असेल तर आप-तुम परत मिळतं, पण त्या आवाजांत सगळेच विमा विकायला आल्यासारखे बोलतात. शिफारस: मूळ आवाज आणि सबटायटल. भाकरी थापता थापता बघणाऱ्यांना हे जमणार नाही, मान्य.

'समथिंग इन द रेन' (२०१८) ही तर या नात्याच्या शब्दावरच उभी आहे. मूळ कोरियन नावाचा अर्थ साधारण 'नेहमी जेवायला घालणारी सुंदर ताई'. नायिकेचं मैत्रिणीच्या धाकट्या भावावर प्रेम बसतं आणि तो तिला लहानपणापासून 'नूना', म्हणजे ताई म्हणत आलेला. बारमध्ये बाकीचे गप्पा मारत असताना ती टेबलाखालून हळूच त्याचा हात धरते. एवढंच होतं, आणि तेवढ्याने पुढचे कित्येक भाग चालतात. पहिले आठ भाग दहापैकी नऊ गुण. नंतर नायिकेची आई त्यात शिरते आणि मालिकेचा श्वास कोंडतो. तीच दोन-तीन इंग्रजी गाणी इतक्या वेळा वाजतात की एका रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावून आलो, तरी गाणं चालूच. नायिकेच्या ऑफिसातला पुरुष अधिकाऱ्यांचा चावटपणा मात्र यात कुठलीही साखर न लावता दाखवलाय, त्याबद्दल गुण वाढवून देतो.

उत्पादनातले दोष आता सलग सांगून टाकतो. कोरियन मालिका बहुधा सोळा भागांची, एकेक भाग तासा-सव्वा तासाचा. तेराव्या-चौदाव्या भागात दोघं वेगळी होणारच, कारण काहीही असो. मग 'एक वर्षानंतर'. श्रीमंत आई गरीब मुलीपुढे पैशांचं पाकीट सरकवते, शिवाय पेलाभर पाणी तोंडावर. दोघं लहानपणी एकदा भेटलेली होती हे दहाव्या भागात कळतं. जुन्या मालिकांत नायक मनगट धरून मुलीला ओढत नेतो. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' (२००९) मुलीच्या आग्रहाखातर लावली आणि चौथ्या भागाला बंद केली. तो नायक माझ्या पोरीच्या कॉलेजात असता तर मी प्राचार्यांना भेटायला गेलो असतो. मूळ कथा जपानी मांगाची, म्हणजे चित्रकथेची. तिच्यावर तैवानने २००१ मध्ये, जपानने २००५ मध्ये, कोरियाने २००९ मध्ये आणि चीनने २०१८ मध्ये मालिका केली. चारही देशांना हाच उर्मट मुलगा का हवासा वाटला, ते त्यांचं त्यांना माहीत.

'गोब्लिन'ची (२०१६-१७) छायाचित्रणाबद्दल जेवढी स्तुती झाली ती रास्त आहे. पण नायक नऊशेहून अधिक वर्षांचा आणि नायिका शाळेच्या शेवटच्या वर्षात. अकरावीतल्या मुलीचा बाप म्हणून मी अवघडून बसलो होतो. त्यातल्या यमदूताची उपकथा मात्र जरूर बघा.

आणि जाहिराती. तिथल्या मोठ्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्येच जाहिरात दाखवायची मुभा २०२१ पर्यंत नव्हती. मग जाहिरात कथेतच घुसली. 'डिसेंडंट्स ऑफ द सन'मध्ये एक जोडपं चालू गाडी स्वयंचलित मोडवर टाकून चुंबन घेतं. एवढा रोमँटिक प्रसंग, आणि माझ्या डोक्यात फक्त मोटार विमा.

चिनी मालिकांकडे मी सहाव्या महिन्यात वळलो. इथे मिळवण्यापासून कटकट आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या सरकारने आणखी ४३ ॲपवर बंदी घातली, त्यांत वीटीव्ही आणि मँगोटीव्ही ही मालिकांची दोन मोठी ॲप होती. त्यामुळे नेटफ्लिक्सवर येतील तेवढ्या, आणि बाकीच्या निर्मात्यांच्या यूट्यूब वाहिन्यांवर. तिथे सबटायटल कधी कधी असं असतं की नायिकेचं लग्न ठरलंय की मोडलंय तेच कळत नाही.

भाग पंचेचाळीस मिनिटांचा, पण त्यात सुरुवातीचं गाणं, शेवटचं गाणं आणि पुढच्या भागाची झलक. ऐतिहासिक मालिकांत तर मधेच त्याच वेशभूषेत, त्याच वाड्यात उभं राहून दुय्यम पात्रं एखादं मोबाइल ॲप विकतात. पहिल्यांदा मला तो कथेचाच भाग वाटला. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, त्याचंही कारण आहे. नट वेगवेगळ्या प्रांतांतले, उच्चार वेगवेगळे, चित्रीकरणाच्या जागी गोंगाट, म्हणून व्यावसायिक आवाज-कलाकारांकडून संवाद नंतर भरून घेतात. चेहऱ्यांवर इतकं गुळगुळीत फिल्टर की पन्नाशीची आई आणि विशीची मुलगी बहिणी वाटाव्यात. नायिका घसरते, नायक झेलतो, दोघं हवेत गोल फिरतात. हे प्रत्येक मालिकेत किमान एकदा. मी आता मोजत नाही.

तरी 'हिडन लव्ह' (२०२३, २५ भाग) बघाच असं म्हणेन, थोड्या हातराखणीने. सांग झी नावाची शाळकरी पोरगी भावाच्या मित्रावर, दुआन जियाशूवर, मनातल्या मनात भाळते. आधी ती त्याला 'गेगे', म्हणजे दादा म्हणते. मोठी झाल्यावर आडनावासकट पूर्ण नाव घेऊन हाक मारते. चिनीत तीन अक्षरी पूर्ण नाव म्हणजे रागही असू शकतो आणि लाडही, ते नुसत्या आवाजावरून ठरतं. सुरुवातीचे शाळेचे भाग मला खटकले. मुलगी म्हणाली, तिच्या बाजूने आहे रे सगळं, तो तिला लहान बहीणच समजतो. तिचं म्हणणं बरोबर आहे, पण बापाचं मन आहे.

खरी लॉटरी लागली ती 'मीट युअरसेल्फ'मध्ये (२०२३, ४० भाग). बीजिंगमध्ये हॉटेलात राबणारी एक बाई. तिची जिवलग मैत्रीण स्वादुपिंडाच्या कर्करोगाने जाते. ही नोकरी सोडून युन्नान प्रांतातल्या दालीजवळच्या एका खेड्यात तीन महिने राहायला येते. तिथे बाय जमातीची वस्ती, लाकडावर कोरीव काम करणारे म्हातारे, भरतकाम करणाऱ्या आज्या, फुलांचं सारण भरलेल्या खुसखुशीत वड्या. नायक शहरातली चांगली नोकरी सोडून गावात परतलेला आणि गावातल्या काहींना मात्र ते पटत नाही. प्रेम इतक्या सावकाश येतं की मधे सहा-सात भाग मी ते विसरूनच गेलो होतो. मला त्या गावची ग्रामसभा जास्त आवडायला लागली. आमच्या तासगाव शाखेत असताना द्राक्षवाल्यांच्या कर्जांची प्रकरणं करायचो. त्यातलाही एक जण पुण्याची नोकरी सोडून आलेला. त्याच्या वडिलांनी जामीन राहायला नकार दिला होता. गावातली म्हातारी माणसं नायकाबद्दल बोलायला लागली की मला तेच काका दिसायचे. ज्यांना दर भागात काहीतरी घडायला हवं त्यांनी या मालिकेच्या वाटेला जाऊ नये.

मग 'द स्टोरी ऑफ मिंगलान'. ७३ भाग. २०२० साली तिथल्या नियामकाने मालिका ४० भागांच्या आत, शक्यतो तिसात संपवा असं सांगितलं, ही त्याआधीची. हिशेब केला तर पंचावन्न तास होतात. सुंग राजवटीचा काळ आणि रखेलीच्या पोटची, आजीने वाढवलेली मुलगी. हुशारी लपवून जगायला शिकलेली. पहिलं प्रेम मुलाच्या आईच्या नकारामुळे मोडतं, कारण घराण्यातलं हिचं स्थान. लग्न अर्ध्या वाटेवर होतं आणि खरी प्रेमकथा त्यानंतर सुरू होते. कोरियन मालिका जिथे थांबते तिथून ही पुढे जाते: किल्ल्या कुणाकडे, हिशेबाच्या वह्या कोण बघणार, सासूला उत्तर कसं द्यायचं. नवऱ्याची तक्रार काय, तर ती फार आदर्श वागते. कधी भांडत नाही, कधी मत्सर करत नाही.

हे वाक्य बायकोने ऐकलं. ती तोवर टीव्हीवर तिची रोजची मराठी मालिका बघायची आणि माझ्या मोबाइलला 'तुमची ती गोरी माणसं' म्हणायची. "काय म्हणाला तो?" मी भाषांतर केलं. ती शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी पहिल्या भागापासून लावायला लागली, टीव्हीवर. आता रात्रीचे दोन भाग तिच्या वेगाने, आणि मधे मधे "थांबवा, ही कुठली मावशी?" असे प्रश्न.

एका रविवारी मी तिला माझा हाकांचा सिद्धांत सविस्तर सांगितला. बोलणं खाली ठेवणं, 'यो' गळणं, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्हाला सगळ्यात आवडलेलं जोडपं कोणतं? मी म्हणालो, ते उत्तर कोरियातलं. "मग ती त्याला शेवटी काय हाक मारायची?"

मी आठवून पाहिलं. री जंग-ह्योक शी. स्वित्झर्लंडमधल्या शेवटच्या भागापर्यंत पूर्ण नाव आणि पुढे 'शी'. अहोजाहो कधी सुटलंच नव्हतं.

"झालं तर," ती म्हणाली. "त्या पोराटोरांना एक शब्द बदलायला बारा भाग लागतात. आमच्या अहोत काय कमी आहे?"

यावर मला काही सुचलं नाही. मिंगलानचा ५२ वा भाग चालू होता. दहा मिनिटांनी आतून "अहो" असं आलं. शेवटचा ओ किंचित ओढलेला, म्हणजे दूध उतू जायला आलंय आणि तिचे हात कणकेत आहेत. मी मालिका थांबवली आणि गॅस बंद करायला उठलो.