इटालियन शिकणाऱ्यांसाठी परदेशी शिक्षण सल्ला केंद्र : कागद चोख, सल्ला तोकडा

मुलीला इटालियन भाषा आणि संस्कृती शिकण्यासाठी इटलीला पाठवायचे ठरल्यावर आम्ही छत्रपती संभाजीनगरातील एका सल्ला केंद्राची सेवा घेतली. केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण शहरात आणखी दोन ठिकाणी चौकशी केली असता तिथेही थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळाले. एकूण शुल्क ४५,००० रुपये, दोन हप्त्यांत.

मी वेरूळ-अजिंठ्याला गाइड म्हणून काम करतो. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी बोलावले होते आणि त्यांनी लावलेला लाखेचा लेपच पुढे पिवळा पडला, ही हकिकत मी इटालियन पर्यटकांना हमखास सांगतो. ती ऐकतच मुलगी मोठी झाली आणि तिथूनच तिने ही भाषा धरली. बी.ए. झाल्यावर ऑनलाइन वर्ग करून ती आता बी-१ पातळीवर, म्हणजे युरोपीय भाषा-मोजपट्टीच्या मधल्या पायरीवर आहे.

पहिल्या भेटीत समुपदेशकाने तिचा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर विचारला आणि अकरा अभ्यासक्रमांची छापील यादी पुढे सरकवली. त्यातले सगळे अभियांत्रिकीचे नाहीतर व्यवस्थापनाचे, आणि सगळे इंग्रजीतून. तिला इटालियनच शिकायचे आहे असे सांगितल्यावर उत्तर मिळाले, “भाषेचं काय एवढं सर, तिकडं गेल्यावर येतेच.” तिने पेरूजा आणि सिएना येथील ‘परदेशीयांसाठीच्या विद्यापीठां’ची नावे काढली, तेव्हा “ते क्लासेस आहेत” असे सांगून त्यांनी विषय मिटवला. वस्तुस्थिती अशी की ही दोन्ही शासकीय विद्यापीठे आहेत. पेरूजाचे अभ्यासवर्ग १९२१ पासून चालू आहेत, त्याचे मुख्य कार्यालय पालाझ्झो गालेंगा या जुन्या वाड्यात आहे, आणि भाषेच्या अल्पमुदतीच्या वर्गांबरोबर तिथे पदवीही घेता येते. इटालियनच्या ज्या प्रमाणपत्रांना जगभर मान्यता आहे, त्यांतील ‘चेली’ पेरूजा देते आणि ‘चिल्स’ सिएना. इटालियनचा सल्ला विकणाऱ्याला एवढे तरी ठाऊक असावे.

याहून मोठी उणीव अशी की भाषावर्ग आणि पदवी या दोन वाटांतला फरक आम्हाला कोणी समजावलाच नाही. तो मुलीने विद्यापीठांची संकेतस्थळे वाचून स्वतः शोधला. वर्ग ९० दिवसांच्या आतला असेल तर अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर भागते. त्याहून लांब मुक्कामाला राष्ट्रीय, म्हणजे ‘डी’ प्रकारचा व्हिसा लागतो आणि पोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत तिथल्या पोस्टातून निवास परवान्याचा अर्ज भरावा लागतो. पदवीसाठी ‘युनिव्हर्सइटाली’ या सरकारी पोर्टलवर पूर्वनोंदणी करावी लागते, आणि शिकवण्याचे माध्यम इटालियन असेल तर साधारणपणे बी-२ पातळी अपेक्षित असते. आमचा मूळ बेत आधी तीन महिन्यांचा वर्ग आणि तिथूनच पुढे पदवी असा होता. तसे केले असते तर नव्या व्हिसासाठी मुलीला मध्येच घरी परतावे लागले असते. केंद्राच्या दारावर ‘शंभर टक्के स्कॉलरशिप’ असा फलक आहे, पण तिथल्या प्रांतांकडून उत्पन्नाच्या आधारे मिळणारी शिष्यवृत्ती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असते, महिन्या-दोन महिन्यांच्या भाषावर्गासाठी नव्हे. शिवाय पहिल्या वर्षी ठरावीक क्रेडिट (विषय उत्तीर्ण झाल्यावर जमा होणारे अंक) मिळाले नाहीत तर ती हातची जाऊ शकते.

आता जे चांगले आहे ते. आतल्या खोलीत फाइली पाहणाऱ्या ताई कामाला अत्यंत पक्क्या आहेत. शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे उत्पन्न आणि मालमत्ता इटालियन पद्धतीने मोजली जाते, त्यासाठी दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नाचे कागद, त्यांवर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) आणि इटालियन भाषांतर लागते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “घर किती चौरस मीटर आहे?” आमचे फुलंब्री तालुक्यातले माळवदाचे घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घराच्या उताऱ्यावर, ९४० चौरस फूट आहे. ताईंनी तिथल्या तिथे ८७.३ असा आकडा मांडला आणि उताऱ्यावर अजून माझ्या वडिलांचेच नाव असल्याचे दाखवून, वारसनोंद झाल्याशिवाय भाषांतराला पैसे घालू नका, असे बजावले. तहसीलचा दाखला, बँकेची शिल्लक, पासपोर्टवरील आडनावाचे स्पेलिंग, सगळे त्यांनी एका बैठकीत ताडून पाहिले. हे एकट्याने करताना मी किमान दोनदा चुकलो असतो.

म्हणून ज्यांना इंग्रजीतून अभियांत्रिकी करायची आहे, त्यांना हे केंद्र बहुधा पुरेल. इटालियनच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठ आणि अभ्यासक्रम स्वतः निवडून, संकेतस्थळावरील ताजी अधिसूचना वाचून मगच जावे आणि फक्त फाइलच्या कामाचा वेगळा दर ठरवून घ्यावा. विचारले तर ते तयार होतात. आम्ही उशिरा विचारले. मुलगी सध्या बी-२ च्या परीक्षेची तयारी करते आहे, वारसनोंद तलाठ्याकडून ग्रामपंचायतीकडे आणि ग्रामपंचायतीकडून परत तलाठ्याकडे फिरते आहे, आणि दुसरा हप्ता आम्ही अजून दिलेला नाही.