ग्रँड नैन वाणाचे ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) केळी रोप: जळगाव पट्ट्यासाठी परीक्षण

रावेर, यावल, चोपडा भागात मृगबाग (जून-जुलैची लागवड) आणि कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवड) दोन्हींसाठी हेच रोप सर्वाधिक सोयीचे. बाग एकसारखी वाढते, घड जवळजवळ एकाच वेळी कापणीला येतात. १.८ बाय १.५ मीटर अंतराने एकरी साधारण १५०० रोपे लागतात.

घेताना रोप फूटभर उंच, ५-६ पाने उघडलेली, पिशवीत मुळांचा पांढरा जाळीदार गोळा असलेले हवे. दुसऱ्या टप्प्यातल्या हार्डनिंगला, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावायला, सहा ते आठ आठवडे लागतात. मागणी वाढली की नेमकी इथेच घाई होते आणि कोवळी रोपे उन्हात करपतात.

खरी कमजोरी हरण्या रोगाची, म्हणजे सीएमव्हीची (कुकुंबर मोझॅक व्हायरस, काकडीवरही येणारा विषाणू). विषाणू चाचणी मुख्यतः प्रयोगशाळेतल्या संवर्धनाच्या टप्प्यावर होते. त्यानंतर शेडनेटमध्ये मावा शिरला तर निरोगी रोपालाही लागण होते आणि पानांवरचे पिवळे पट्टे बहुधा लागवडीनंतरच दिसतात. म्हणून प्रमाणपत्राबरोबर कीटकरोधक जाळी, दुहेरी दार, आसपास काकडी-भोपळ्याचे वेल नाहीत ना, हेही पाहावे. पट्टे दिसलेले झाड लगेच उपटून जाळावे.

चाचणीतली ही फट संशोधनानेच बुजेल. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, राहुरी विद्यापीठात उद्यानविद्येचे विद्यार्थी आहेत. रोपवाटिकांनी रोपामागे एक रुपया बाजूला काढला, तर लाख रोपांमागे लाख रुपये जमतात. त्यातून एका विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती आणि हार्डनिंगनंतरच्या एलायझा (विषाणू ओळखणाऱ्या) चाचण्यांचा काही खर्च, दोन्ही निघेल. रोपाच्या दरात एवढी वाढ शेतकऱ्याने आनंदाने द्यावी.