प्रोबेट, वारस दाखला की सक्सेशन सर्टिफिकेट? पुण्यात कोर्टाची पायरी चढण्याआधी

कपाटात मृत्युपत्र सापडलं की पहिला सल्ला मिळतो तो प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचा, आणि तो बहुधा मुंबईच्या एखाद्या नातेवाइकाकडून येतो. मुंबईकराचा त्यात दोष नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधली कलमं ५७ आणि २१३ एकत्र वाचली तर हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन व्यक्तीचं मृत्युपत्र मुंबई शहराच्या हद्दीत केलेलं असेल किंवा तिथल्या स्थावर मिळकतीबद्दल असेल, तर प्रोबेटशिवाय त्याच्या आधारे कोर्टात हक्क सांगता येत नसे. पुणे त्या हद्दीत कधीच नव्हतं. म्हणजे पुण्यात केलेलं मृत्युपत्र आणि कोथरूडचा फ्लॅट असेल तर सक्ती नव्हती. त्याच मृत्युपत्रात दादरची खोली असेल तर मात्र होती. पुढे २०२५ च्या निरसन व सुधारणा कायद्याने कलम २१३ च काढून टाकलं. सक्ती गेली, सवय राहिली. सोसायटीचे सेक्रेटरी आणि काही बँकांचे अधिकारी अजूनही ‘प्रोबेट आणा’ म्हणतात, तेव्हा कोणत्या नियमाखाली हवं ते लेखी मागा. बऱ्याचदा विषय तिथेच संपतो.

प्रोबेटची तरतूद मात्र कायम आहे. ते घ्यायचं की नाही, हे आता तुम्ही ठरवायचं. कुठला कागद जास्त ‘भारी’ हा विचार इथे कामाचा नाही. मृत्युपत्र आहे का, मागे राहिलंय ते काय (पैसा, शेअर, फ्लॅट की शेती) आणि भाऊबंदांपैकी कोणी हरकत घेईल का, एवढंच पाहायचं.

मृत्युपत्र आहे: प्रोबेट घ्यावं का?

मृत्युपत्र खरं आहे, हे प्रोबेटने कायमचं सिद्ध होतं. मिळकत मुळात मृताच्या मालकीची होती की नाही, याचा निकाल मात्र त्यातून लागत नाही. लोक नेमकी इथेच गल्लत करतात. दुसरी गोष्ट म्हणजे प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यालाच, मिळतं. त्याचं नावच लिहिलेलं नसेल, तर मृत्युपत्र जोडून ‘लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन’ मागावं लागतं. काम जवळपास तेच, अर्जाचं नाव वेगळं. मृत्यूनंतर प्रोबेट सात दिवसांच्या आत आणि लेटर्स चौदा दिवसांच्या आत देता येत नाहीत. प्रत्यक्षात इतकी घाई कोणाला करता आल्याचं ऐकिवात नाही.

अर्ज शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात. मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मिळकतीची किमतीसह यादी आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते सोबत जोडायचे. मृत्युपत्रावर सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी एक तरी मिळत असेल तर अर्जावर त्याचं सत्यापन लागतं. मग वारसांना नोटिसा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. कोणी आलं नाही तर साक्षीदाराचं शपथपत्र, हुकूम आणि मिळकतीच्या किमतीवरचं कोर्ट फी मुद्रांक. हरकत आली की तोच अर्ज दाव्यासारखा चालतो, आणि मग तारखांचा हिशेब वर्षांत करायचा.

माझं मत सांगतो. सगळी मुलं एकमेकांशी बोलतात आणि मृत्युपत्राने कोणाला डावललेलं नाही, तर पुण्यातल्या मिळकतीसाठी प्रोबेटच्या फंदात पडू नका. पण एका मुलाला काहीच दिलेलं नसेल, मृत्युपत्र आजारपणात दवाखान्यात झालं असेल, किंवा दुसऱ्या लग्नाचा विषय असेल, तर लगेच अर्ज करा. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात आणि ते बहुधा मृताच्याच वयाचे असतात: शेजारचे काका, फॅमिली डॉक्टर. भाऊ दहा वर्षांनी भांडायला उठला तेव्हा सही ओळखणारं कोणी उरलं नसेल, तर खरं मृत्युपत्रही अडचणीत येतं. ‘आमचं रजिस्टर्ड आहे’ हा दिलासा अर्धाच आहे. नोंदणी ऐच्छिक असते आणि नोंदवलेलं मृत्युपत्रसुद्धा साक्षीदारानेच सिद्ध करावं लागतं.

मृत्युपत्र नाही: दोन दाखले, दोन कामं

सक्सेशन सर्टिफिकेट म्हणजे पैशाचा कागद. मुदत ठेवी, शेअर, रोखे, मृताला येणं असलेली रक्कम, एवढ्यापुरतं ते चालतं. फ्लॅट किंवा जमीन त्यात येत नाही. त्याची खरी किंमत बँकेला आणि कंपनीला असते, कारण ते पाहून रक्कम दिली की पुढे दुसरा वारस उभा राहिला तरी त्यांच्यावर जबाबदारी येत नाही. अर्जात प्रत्येक खातं आणि प्रत्येक ठेव स्वतंत्र लिहावी लागते. एखादी पावती नंतर गादीखाली सापडली तर दाखला वाढवून घेता येतो, पण परत अर्ज आणि परत फी. म्हणून आधी महिनाभर कागद धुंडाळा, मगच वकिलाकडे जा. कोर्ट जामीनही मागू शकतं.

ठेव लहान असेल तर कोर्टाची पायरी चढूच नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार नॉमिनी नसला तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचा दावा, वाद नसेल तर, सोप्या पद्धतीने निकाली काढायचा आहे. पुण्यात निम्म्या घरांच्या ठेवी कुठल्या ना कुठल्या सहकारी बँकेत असतात, तेव्हा हा ५ चा आकडा लक्षात ठेवा.

वारस दाखला हा निराळा प्रकार. त्याचं मूळ १८२७ च्या मुंबई विनियम ८ मध्ये आहे. कंपनी सरकारच्या काळातला हा कायदा इथल्या कोर्टात आजही रोज वापरात आहे. वारस कोण, हे त्याने औपचारिकपणे मान्य होतं, आणि स्थावर मिळकतीसाठी लोक तोच घेतात. जाहीरनामा निघतो, हरकतींची मुदत जाते, साधी साक्ष होते. यादी करताना दोन माणसं हमखास विसरली जातात: लग्न झालेली मुलगी आणि मृत पुरुषाची आई. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील नाहीत. आजींचं नाव गाळलेला दाखला पुढे रद्द करून घेता येतो.

कोर्टाबाहेर भागतं का?

बऱ्याच घरांचं भागतं. मुळशी किंवा हवेलीत जमीन असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तीन महिन्यांत वारस नोंदीसाठी कळवायचं. ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज होतो. शहरात मिळकत पत्रिकेसाठी नगर भूमापन कार्यालय. पण फेरफार, म्हणजे ही नावाची नोंद, झाला म्हणजे मालकी ठरली असं नाही, ती महसुलापुरती नोंद आहे. नॉमिनीचंही तसंच. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात सांगितलंच आहे की नॉमिनी मालक होत नाही. सोसायटीतही नॉमिनी तात्पुरता सभासद असतो. बहिणी राजीखुशीने हक्क सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून टाका. कोऱ्या कागदावरच्या ‘ना हरकत’ला फार अर्थ नाही.

जुना कागद शोधायचा असेल तर

अलीकडचं प्रकरण ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोधा. प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर क्रमांक, मिळाला की अर्ध काम झालं. मात्र आडनावाचं स्पेलिंग बदलून बदलून पाहा. कुलकर्णी इंग्रजीत किती तऱ्हांनी टाइप होतं ते तिथे कळतं. आजोबांच्या काळातलं प्रकरण असेल तर संगणकाचा उपयोग नाही. अंदाजे वर्ष आणि अर्जदाराचं नाव घेऊन कोर्टाच्या रेकॉर्ड विभागाकडे चौकशी करायची, आणि सापडलं की नकल विभागात अर्ज. प्रोबेट दिलेलं मूळ मृत्युपत्र कोर्टातच जपून ठेवलं जातं, त्यामुळे घरची प्रत हरवली असली तरी आशा सोडू नका.

प्रोबेट झालंच नसेल आणि मृत्युपत्र नोंदवलं होतं एवढंच आठवत असेल, तर कोर्टात नव्हे, दुय्यम निबंधकाकडे जा. ऑनलाइन ई-सर्चवर खरेदीखतं दिसतात. मृत्युपत्रं निबंधक कार्यालयाच्या नोंदवहीत, पुस्तक क्रमांक ३ मध्ये, असतात आणि त्याचा शोध कार्यालयातला अधिकारीच घेतो. माणूस हयात असताना नकल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, मृत्यूनंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही. मृत्यूचा दाखला बरोबर न्या. आणि बंद लिफाफ्यात ठेवलेलं मृत्युपत्र असेल तर ते जिल्हा निबंधकाकडे असतं. अर्ज केल्यावर अर्जदारासमोर उघडून त्याची नोंद होते.