सांगलीतला सुट्टीचा फोटोग्राफी वर्ग : डब्याचा कॅमेरा झकास, प्रिंटच्या बाबतीत हात आखडता

सुट्टीत मुलांसाठी फोटोग्राफीचे जे वर्ग निघतात, त्यातले बहुतेक मोबाइलवर सुरू होतात आणि फिल्टर लावण्यावर संपतात. सांगलीत गावभागातल्या एका जुन्या स्टुडिओच्या माडीवर भरणारा हा वर्ग तसा नाही. एप्रिल-मेचे आठ रविवार, सकाळी सात ते दहा, आठवी ते बारावीची मुलं. फी ४,००० रुपये, त्यात कागद आणि रसायनं आली. दर रविवारी एक तंत्र आणि एका फोटोग्राफरचं आयुष्य. त्या माणसाला कामात जी अडचण होती, तीच त्या दिवशी मुलांच्या गळ्यात बांधतात. शिकवण्याची ही रीत फार नामी आहे.

पहिले दोन रविवार कॅमेरा हातात मिळतच नाही, तो करावा लागतो. दूधपावडरचा रिकामा डबा आतून मॅट काळ्या रंगाने रंगवायचा. चकचकीत ऑइलपेंट लावला तर उजेड आतल्या आत परावर्तित होतो आणि चित्रावर धुकं येतं. डब्याच्या कुशीत एक मोठं भोक पाडून त्यावर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा चिकटवायचा. त्या पत्र्याला बारीक सुईच्या टोकाने अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र पाडायचं आणि मागे उठलेली कड बारीक पॉलिश पेपरने घासून काढायची. डब्याचा व्यास बारा सेंटिमीटर असेल तर अर्धा मिलिमीटर हे माप बरोबर बसतं. मोठं झालं की चित्र पुसट होतं. फार बारीक केलं तरी पुसटच होतं, कारण प्रकाश कडेला वळून पसरतो. हा दुसरा भाग बहुतेक ठिकाणी सांगतच नाहीत. इथे फळ्यावर आकृती काढून सांगतात.

हिशेबाने हा कॅमेरा एफ/२४० चा होतो (छिद्रापासून कागदापर्यंतचं अंतर भागिले छिद्राचा व्यास), म्हणजे उजेड फार थोडा आत येतो. आत फिल्म नसून फोटोचा कागद असतो आणि त्याची उजेडाची संवेदनशीलता आयएसओ ६ च्या आसपास, म्हणजे फारच कमी. म्हणून सकाळी नऊच्या कडक उन्हात चाळीस सेकंद ते एक मिनिट, सावलीत पाच ते आठ मिनिटं. डबा हातात धरून चालत नाही. कट्ट्यावर ठेवून वर वीट ठेवायची. कागदावर काळे ओरखडे आले तर झाकणातून उजेड शिरतोय असं समजायचं, आणि इलेक्ट्रिशियनची काळी टेप दोन वेढे गुंडाळायची. आकाश मात्र जवळजवळ नेहमीच कोरं येतं. कागदाला निळा उजेड लगेच दिसतो, लाल दिसत नाही.

डार्करूममध्ये दोन गोष्टी खटकतात. डेव्हलपर, म्हणजे कागदावरचं चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर हवं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या पुढे असतं. ट्रेखाली बर्फ ठेवतात हे बरं, पण घाईत कुणीतरी बर्फाचे खडे थेट डेव्हलपरमध्ये टाकतं आणि तो पातळ होतो. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच सोडावा. गरम डेव्हलपरमध्ये चित्र वीस सेकंदांत काळं होऊ लागतं, मुलं घाबरून कागद बाहेर काढतात आणि ठिपकेदार, राखाडी निगेटिव्ह मिळते. खरं तर दीड मिनिट पूर्ण द्यायला हवा. दुसरी गोष्ट लाल दिव्याची. इथे सजावटीचा झिरोचा लाल बल्ब वापरतात. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून त्या दिव्याखाली पाच मिनिटं सोडावं आणि मग कागद डेव्हलप करावा. नाण्याची गोल खूण दिसली तर दिवा बाद. ही चाचणी वर्गात करत नाहीत, आणि बऱ्याच मुलांच्या कागदांच्या कडा काळपट येतात त्या म्हणूनच. वापरलेला हायपोही (चित्र पक्कं करणारं रसायन) सरळ मोरीत ओततात. त्यात चांदी विरघळलेली असते. कॅनमध्ये साठवून त्यात स्टील वूल टाकून ठेवला तर बरीचशी चांदी खाली बसते.

तिसरा रविवार भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा, आणि तो सगळ्यात रंगतो. जन्म १९१३, नवसारी. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. सुरुवातीची छायाचित्रं छापून आली ती पती माणेकशा यांच्या नावाने. ‘डालडा १३’ हे टोपणनाव गाडीच्या डीएलडी १३ या नंबरावरून आलं. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये. ही माहिती पुस्तकातही मिळेल. वर्गाची खरी करामत गृहपाठात आहे: मोबाइलवर आठवड्यात फक्त बारा फोटो, डिलीट बंद, आणि पुढच्या रविवारी बाराही जसेच्या तसे भिंतीवर. बाराच का? होमाईबाई वापरत त्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यात १२० नंबरच्या फिल्म रोलवर चौकोनी बाराच फ्रेम बसतात. मुलं पहिल्याच दिवशी दहा उडवून बसतात, मग सहा दिवस नुसती बघत फिरतात. याच ओघात अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइटही येतात. १९४६ मध्ये चरख्याजवळच्या गांधीजींचा फोटो घेताना त्यांना तीनच फ्लॅश बल्बची परवानगी होती आणि पहिले दोन वाया गेले. एकदा जळलेला बल्ब पुन्हा लागत नाही, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगच्या रविवारी वर्ग मार्केट यार्डात जातो, हळदीच्या सौद्याला. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी सोय, इथे हमखास फसतो. चौकट पिवळ्याने भरली की कॅमेरा त्याला दोष समजून निळ्याकडे ओढतो. हळद मळकट आणि हमालांचे चेहरे आजारी दिसतात. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर लावा, नाहीतर पांढरा कागद धरून कस्टम, म्हणजे हाताने ठरवलेला, घ्या. हळदीची पूड लेन्सवर बसली तर रुमालाने पुसायची नाही, आधी हवा मारणारा ब्लोअर. पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स तर शक्यतो नेऊच नये. पूड नळीत शिरली की सर्व्हिसिंगशिवाय निघत नाही.

लँगचं प्रकरण त्यांनी जबाबदारीने हाताळलंय. लहानपणी पोलिओ, आयुष्यभर लंगडी चाल, आणि मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमोला काढलेला ‘मायग्रंट मदर’ हा एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो. त्या बाईचं नाव तेव्हा विचारलंच गेलं नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव १९७८ मध्ये जगाला कळलं. म्हणून यार्डात प्रत्येक मुलाकडे वही: आधी विचारायचं, नाव लिहायचं, मगच फोटो. त्याच छायाचित्राच्या कोपऱ्यातला अंगठा लँगने नंतर निगेटिव्हवर पुसून घेतला होता, तेही सांगायला हवं होतं. फोटोशॉपवर मुलं एवढे प्रश्न विचारतात, त्यांना चांगलं उत्तर मिळालं असतं.

फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँच्या तासाला मात्र गाडी घसरते. आयर्विन पुलाखाली नेऊन पाठीमागून येणाऱ्या उजेडात आकृती काळी कशी ठेवायची, एक्स्पोजर आकाशावर कसं लॉक करायचं, हे छान दाखवतात. पण ‘क्रॉप (फोटोच्या कडा कापणं) म्हणजे पाप’ असा जो धोशा लावतात तो अर्धवट माहितीवरचा आहे. डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचं त्यांचं १९३२ चं सर्वांत गाजलेलं छायाचित्र क्रॉप केलेलंच आहे. कुंपणाच्या फटीतून लेन्स घालताना बाजूची फळी आत आली होती. नियम सांगायचा तर अपवादासकट सांगा.

एकोणिसाव्या शतकातले भारतीय छायाचित्रकार राजा दीनदयाळ पंधरा मिनिटांत उरकतात, आणि फाळके येतच नाहीत. दादासाहेब सिनेमाच्या आधी गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा करत होते. मराठी मुलांना याहून जवळचं उदाहरण कुठलं?

सगळ्यात मोठी तक्रार प्रिंटची. आठ रविवारांनंतर प्रत्येकाला ४×६ चे दोनच प्रिंट मिळतात. यार्डातल्या हमालांना ‘फोटो आणून देतो’ असं मुलं वहीत नावासकट लिहून घेतात, आणि तो प्रिंट द्यायचा कुणी हे कुणीच ठरवलेलं नसतं. बाहेर लॅबला असा प्रिंट काढायला फार पैसे लागत नाहीत. फी शंभर-दोनशेने वाढवली तरी पालक कुरकुरणार नाहीत.

नाव घालण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: तुकडीत किती मुलं आहेत आणि यार्डातले प्रिंट कोण देणार. डार्करूममध्ये एका वेळी पाचच मुलं मावतात, त्यामुळे वीसची तुकडी असेल तर अर्धा वेळ जिन्यात जातो. पंधराच्या आत असेल तर बिनधास्त पाठवा, मुलांकडे महागडा कॅमेरा नसला तरी चालेल. जुना सुती शर्ट घालून पाठवा. डेव्हलपरचे तपकिरी डाग धुऊन जात नाहीत.